‘ब्रेनस्टॉर्म’ (१९८३) दाखवायचा आहे, पण चित्र पडद्यावर एवढुसं का दिसतं?

बर्डीचा_प्रेक्षक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नागपुरातल्या आमच्या लक्ष्मीनगरच्या छोट्या चित्रपट मंडळात जुने, विस्मृतीत गेलेले विज्ञानपट दाखवायचं ठरलंय. पहिला मान डग्लस ट्रम्बुलच्या ‘ब्रेनस्टॉर्म’ला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एका माणसाचा अनुभव, म्हणजे दृश्य, चव, स्पर्श, भावना सगळं, टेपवर नोंदवून दुसऱ्याच्या डोक्यात वाजवणारं यंत्र. क्रिस्टोफर वॉकन, नॅटली वुड, लुईस फ्लेचर, क्लिफ रॉबर्टसन. लांबी १०६ मिनिटं.

सामान असं: पांढरा मॅट पडदा, १२ फूट रुंद, १६:९. कार्यालयात वापरतात तसला ३३०० ल्युमेनचा डीएलपी प्रोजेक्टर. ब्लू-रे. पुढे दोन स्पीकर, मागे दोन. खुर्च्या ६०. परवानगीचं काम दुसरे सभासद बघताहेत, तिकीट नसलं तरी ती लागतेच, तेव्हा त्यावर चर्चा नको.

अडचणी:
१. चित्राच्या वर-खाली तर काळं आहेच, डावी-उजवीकडेही आहे. पडद्याच्या मधोमध पोस्टकार्ड चिकटवल्यासारखं दिसतं. अध्येमध्ये अचानक रुंद होतं, मग पुन्हा लहान. झूम करून पडदा भरावा का?
२. ट्रम्बुलला हा सिनेमा सेकंदाला ६० चौकटींनी दाखवायचा होता म्हणतात. मग प्रोजेक्टरमधली ‘स्मूथ मोशन’ चालू केली तर त्याच्या मनासारखं होईल ना?
३. शेवटचा अर्धा तास तुटक वाटतो. आमचीच समज कमी की सिनेमाच तसा?
४. नंतरच्या चर्चेत हमखास विचारतील, ‘असं खरंच होऊ शकतं का?’ काय सांगावं?
५. मराठी सबटायटल आम्हीच करतोय. काही सांभाळायचं असेल तर सांगा.

---

फूट_इंच

झूमला हात लावू नका, भाऊ. तुम्ही ज्याला दोष समजताय तोच हा सिनेमा आहे.

साधा जगण्याचा भाग ३५ मिमीवर, साधारण १.७:१ चौकटीत घेतलाय. कोणी यंत्र डोक्याला लावलं की तो भाग ६५ मिमीच्या निगेटिव्हवर, सुपर पॅनाव्हिजन ७० मध्ये, कडेला वाकवणाऱ्या अतिरुंद भिंगांनी घेतलाय, आणि चौकट दोन्ही अंगांनी उघडते. उंची तीच राहते, रुंदी वाढते. आवाजाचंही तसंच: साध्या भागात तो पुढेच बसून असतो, यंत्र लागलं की चहूकडून येतो. म्हणजे वॉकनला जे होतं ते प्रेक्षकाच्या डोळ्यांना आणि कानांना व्हावं, अशी योजना आहे. तुम्ही झूम करून साधा भाग पडद्याला भिडवलात तर रुंद भागाच्या कडा भिंतीवर जातील, आणि नुसता साधा भाग मोठा करून रुंद भागाला पुन्हा मागे आलात तर उलटाच परिणाम: यंत्र लावलं की चित्र लहान! जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कडा छाटल्या की हा खेळ मुळातच संपायचा. सिनेमा दुर्लक्षित राहण्यात त्याचाही हात असणार, हे माझं मत.

आता हिशेब. डिस्कवरची रुंद चौकट २.४:१ धरू. १२ फूट रुंदीला उंची आली ५ फूट. साधा भाग ५ फूट उंच आणि ८.५ फूट रुंद. क्षेत्रफळ ४२.५ चौरस फुटांवरून एकदम ६० वर. हा फरक छातीत जाणवायला हवा, आणि तो जाणवण्यासाठी लहान चौकट लहान वाटता कामा नये. उपाय पहिल्या रांगेत आहे. ८.५ फूट रुंदीच्या चित्राला पहिली रांग १० फुटांवर आणि शेवटची २२-२४ फुटांच्या आत ठेवा. ६० खुर्च्या १० च्या ६ रांगांत सहज बसतात. सभागृह लांबट असेल तर मागच्या खुर्च्या उचलून ठेवा, नाहीतर लोक मागूनच बसायला सुरुवात करतात.

पडद्याचं काम क्रमाने:

आधी दोन्ही प्रकारच्या दृश्यांवर थांबवून टेपने खरी मापं घ्या. माझे आकडे गणिताचे आहेत, तुमची डिस्क आणि प्लेअर काय देतात ते पडद्यावर मोजा. प्लेअर आणि प्रोजेक्टर दोन्हींत ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा आपोआप छाटणारी सोय) बंद करा. चित्राचं प्रमाण ‘ऑटो’वर ठेवू नका, १६:९ ला किंवा ‘नेटिव्ह’ला बांधून टाका. काही प्रोजेक्टर काळ्या पट्ट्या दिसल्या की स्वतःची अक्कल चालवतात.

मग वरची आणि खालची काळी पट्टी कापडाने झाका, प्रत्येकी साधारण साडेदहा इंच. डीएलपीचा काळा म्हणजे राखाडीच, झाकलं नाही तर पोस्टकार्डाभोवती मळकट चौकट दिसत राहते. कापड मखमल किंवा जाड काळं सुती. सॅटिन घेऊ नका, चमकतं. इतवारीत कापड घेताना दुकानातच मोबाइलचा दिवा तिरका मारून बघा, चकाकी लगेच कळते. खाली वजनासाठी शिवणीत प्लास्टिकचा पाईप घाला, म्हणजे पंख्याने फडफडणार नाही.

डावी-उजवी बाजू मात्र उघडीच. तिथे सरकता पडदा लावून दोन पोरांना दोरी धरायला बसवायचा मोह होईल. नको. पडदा हलायला लागला की प्रेक्षकाला आधीच कळतं की आता काहीतरी होणार, आणि एकदा चुकलं की हशा.

उजेड: ३३०० ल्युमेन हे सगळ्यात भडक, हिरवट मोडमधले. सिनेमा मोडमध्ये साधारण १९०० धरा. तुमच्या पूर्ण १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ ८१ चौरस फूट, म्हणजे २३ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप). चित्रगृहाचा प्रचलित मापदंड १६ चा. इको मोड लावा, तीसेक टक्के उजेड कमी होऊन बरोब्बर १६ च्या आसपास याल, पंख्याचा आवाज उतरेल आणि काळाही जरा काळा होईल. दृश्यानुसार उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय, ऑटो आयरिस किंवा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट जे काही नाव असेल ते, बंद. नाहीतर अंधाऱ्या दृश्यातून चौकट उघडते त्याच क्षणी प्रोजेक्टर अर्धा सेकंद गडबडतो, आणि नेमका तोच अर्धा सेकंद महत्त्वाचा.

पडद्याजवळच्या भिंती पांढऱ्या असतील तर पडद्यापासून ४-५ फुटांपर्यंत दोन्हीकडे गडद चादरी टांगा. रुंद दृश्य लागलं की त्या भिंती उजळतात आणि चित्र धुऊन निघतं.

---

फूट_इंच

दुसरा प्रश्न राहिला. स्मूथ मोशन बंद. का ते सांगतो.

ट्रम्बुलची पद्धत होती शोस्कॅन: ७० मिमी, सेकंदाला ६० चौकटी. वेगवेगळ्या वेगांनी चित्र दाखवताना प्रेक्षकांच्या शरीराचे संकेत, त्यात मेंदूचे तरंगही, मोजून त्याने तो वेग ठरवला होता. मेंदू नोंदवणाऱ्या सिनेमाच्या मुळाशी मेंदूची नोंद आहे, ही गंमत चर्चेत जरूर सांगा. ‘ब्रेनस्टॉर्म’मधले टेपचे भाग शोस्कॅनमध्ये करायचे असा बेत होता. तो बारगळला, कारण सरळ आहे. ७० मिमीची एक चौकट ५ छिद्रांची. २४ च्या वेगाला मिनिटाला ११२ फूट फिल्म लागते, ६० ला २८०. २००० फुटांचं रीळ १८ मिनिटं चालायचं ते ७ मिनिटांत संपणार. वर प्रत्येक चित्रगृहात प्रोजेक्टर बदला. एका सिनेमासाठी कोण बदलेल?

त्यामुळे शेवटी जे घेतलं ते सगळं २४ चौकटींचं. प्रोजेक्टर ज्या मधल्या चौकटी घालतो त्या कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्याच नाहीत, आजूबाजूच्या दोन चौकटींवरून मारलेला अंदाज आहे तो. अतिरुंद भिंगाच्या वाकलेल्या कडांवर हा अंदाज हमखास चुकतो, खांब आणि रेलिंग चिखलासारखे वितळतात. आणि मुख्य म्हणजे तो साध्या भागालाही तसाच गुळगुळीत करतो. ट्रम्बुलला दोन जगांत फरक हवा होता, तुम्ही दोघांवर एकच इस्त्री फिरवाल.

---

वऱ्हाडी_रीळ

येवढं कायले करता बाप्पा? सिनेमात दम नाही. पहिला तास झकास, मंग लष्कर येते, कारखान्यातले यंत्रमानव येड्यासारखे नाचते, फेसच फेस होते, अन् शेवटी देवदूत. काहून लोकांचा शनिवार वाया घालून राहिले?

---

संकलन_टेबल

वऱ्हाडीभाऊंचं अर्धं खरं आहे. कारखान्याचा विनोद मलाही पटत नाही. बाजूला एका बाईच्या मरणाची टेप चालू आहे आणि इकडे सर्कस. पण तुटकपणाचं कारण वेगळं आहे आणि ते माहीत असलं की शेवटचा भाग वेगळा दिसतो.

चित्रीकरण १९८१ च्या शरदात नॉर्थ कॅरोलायनात झालं, रॅली-डरहॅमच्या संशोधन नगरीत. प्रयोगशाळा म्हणून दिसणारी ती तिरक्या भिंतींची इमारत पॉल रुडॉल्फची, बरोज वेलकम कंपनीसाठी बांधलेली. २०२१ मध्ये ती पाडली, म्हणजे हा सिनेमा आता तिचाही दस्तऐवज झाला. २९ नोव्हेंबर १९८१ ला कॅटलिना बेटाजवळ नॅटली वुड बुडून वारली. बहुतेक काम झालं होतं, थोडं राहिलं होतं. एमजीएम या निर्मिती कंपनीला सिनेमा बंद करून विम्याचे पैसे घ्यायचे होते. ट्रम्बुलचं म्हणणं, आहे त्यात पूर्ण होतो. विमा करणाऱ्या लॉइड्सने उलट पूर्ण करायलाच पैसे दिले. पटकथेत फेरफार, बदली अभिनेत्री, कॅमेऱ्याचे बदललेले कोन, आणि ३० सप्टेंबर १९८३ ला प्रदर्शन. ट्रम्बुलने त्यानंतर हॉलिवूडसाठी पूर्ण लांबीचा सिनेमा केलाच नाही.

आता बघताना कुठे लक्ष ठेवायचं? नॅटली वुडचं कॅरन हे पात्र पहिल्या भागात कामाचं आहे. ती औद्योगिक डिझाइनर आहे. डोक्यावरचं ते अवजड, तारांचं टोपलं विकण्याजोग्या सुटसुटीत पट्ट्यात आणणं हे तिचं काम. नवरा-बायकोचं मोडत आलेलं नातं आणि यंत्राचं लहान होत जाणं सोबत चालतं. शेवटच्या भागात ती कुठे पाठमोरी, कुठे दूर, कुठे नुसती ऐकू येते, तेवढ्या जागा मनात टिपत जा. तुटकपणाचा नकाशाच तयार होतो.

आणि फ्लेचर! लिलियन रेनॉल्ड्स ही शास्त्रज्ञ, एकामागून एक सिगारेट ओढणारी, निधी देणाऱ्यांशी भांडणारी. रात्री प्रयोगशाळेत एकटी असताना छातीत कळ येते. मदत आवाक्यात नाही हे कळल्यावर ती काय करते? यंत्र चालू करते, पट्टा डोक्याला लावते आणि स्वतःचं मरण नोंदवते. त्या दृश्यात तिचे हात बघा. कळ आवरत टेप, बटण, पट्टा या क्रमाने जातात, कारण आयुष्यभर तोच क्रम केलाय. हा एक प्रसंग मला सगळ्या देवदूतांपेक्षा भारी वाटतो.

मूळ कथा ब्रूस जोएल रुबिनची. ‘घोस्ट’च्या पटकथेसाठी पुढे ऑस्कर मिळवणारा तोच. मरणापलीकडे काय, हा त्याचा जुना ध्यास, तेव्हा शेवट आभाळाकडे गेला तर नवल नाही. संगीत जेम्स हॉर्नरचं.

एक सूचना: त्यात एक प्रणयाची टेप आहे, तिचा तुकडा जोडून कोणीतरी सारखा वाजवत बसतो, आणि एका लहान मुलाला चुकीची टेप लागून जबर धक्का बसतो असाही प्रसंग आहे. तेव्हा ‘मुलांना घेऊन या’ असं निमंत्रणात लिहू नका.

---

बर्डीचा_प्रेक्षक

फूट_इंच, संकलन_टेबल, दोघांचेही आभार. झूम रद्द, स्मूथ मोशन रद्द. आता विज्ञानावर कोणी बोलेल का? मंडळात दोन डॉक्टर आहेत, उगाच काही ठोकून देता येणार नाही.

---

मायक्रोव्होल्ट

नोंदवणं आणि वाजवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, चर्चेत आधी ते सुटे करा. नोंदवण्यात आपण थोडे पुढे आलोय. वाजवण्यात जवळपास दारातच उभे आहोत.

डोक्यावर पट्टा लावून नोंद म्हणजे ईईजी, मेंदूच्या विद्युत तरंगांचा आलेख. माणसाची पहिली नोंद हान्स बर्गरने १९२४ मध्ये घेतली, छापली १९२९ मध्ये. टाळूवर मिळणारा संकेत १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. एक इलेक्ट्रोड लाखो पेशींचा एकत्र गलका ऐकतो, तोही कवटीतून पसरट होऊन आलेला. यशवंत स्टेडियमच्या बाहेर उभं राहून आतल्या एका माणसाचं बोलणं ऐकायचं, तसं. टोळी ओरडली हे कळतं, कोण काय म्हणालं हे नाही. त्यात इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओमच्या वर गेला की ५० हर्ट्झची घरगुती वीज संकेतावर चढून बसते, आणि नागपूरच्या मे महिन्यात घाम आला की पूर्ण रेघच वर-खाली झोके घेते. सिनेमात वॉकन तो पट्टा लावून फिरतो, बोलतो, खातो. खरं तर दात चावले की जबड्याच्या स्नायूंचा संकेत मेंदूच्या संकेताला गिळून टाकतो.

जास्त तपशील हवा तर कवटी उघडून आत इलेक्ट्रोड. एका सर्वसाधारण जाळीत ९६ वाहिन्या. प्रत्येकीची सेकंदाला ३०,००० मापं, प्रत्येक माप १६ बिटांचं. गुणाकार: सेकंदाला सुमारे ४.६ कोटी बिट. आता सिनेमातला तो प्रसंग आठवा जिथे टेप टेलिफोनच्या तारेवरून वाजवतात. त्या काळचा १२०० बिटांचा मोडेम धरला तर अनुभवाचा एक सेकंद पाठवायला ३८,४०० सेकंद, म्हणजे १० तास ४० मिनिटं लागतील. तेही फक्त ९६ वाहिन्यांचे. मेंदूत पेशी सुमारे ८,६०० कोटी. तुमच्या डॉक्टर सभासदांना हा हिशेब फळ्यावर करू द्या, मजा येईल.

‘विचारांचा व्हिडिओ बनवला’ अशी बातमी कोणीतरी काढेलच. ती बहुधा २०११ ची, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची असेल, जॅक गॅलंटच्या प्रयोगशाळेची. एफएमआरआय यंत्रात पडून लोकांनी चित्रफिती पाहिल्या. संगणकाने यूट्यूबच्या १ कोटी ८० लाख सेकंदांच्या साठ्यातून, त्या मेंदूसंकेताशी सर्वांत जुळतील असे १०० तुकडे निवडून एकावर एक मिसळले. धूसर चेहरा दिसतो तो डोक्यातून निघालेला नाही, साठ्यातून निवडलेला आहे. शिवाय एफएमआरआय पेशी नव्हे, रक्ताचा प्रवाह मोजतं, आणि तो प्रतिसाद शिखराला यायला ५ सेकंद लागतात. झटकन दचकण्याची नोंद त्यात व्हायची कशी?

आता वाजवणं. १९६८ मध्ये ब्रिंडली आणि लेविन यांनी एका अंध बाईच्या दृष्टिकेंद्रावर ८० इलेक्ट्रोड बसवले. तिला दिसले ते प्रकाशाचे ठिपके. चित्र नाही, ठिपके. नंतर सुधारणा झाली, तरी अजून ठिपक्यांची रांगोळीच आहे.

आणि सिनेमातली सगळ्यात मोठी थाप यंत्रात नाहीच: एकाची टेप दुसऱ्याला लागू पडते, ही आहे. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने ऐकलेल्या गोष्टीचा आशय एफएमआरआयवरून शब्दांत मांडून दाखवला. त्यासाठी प्रत्येक माणसाला १६ तास यंत्रात पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकावर तयार केलेला उलगडा दुसऱ्यावर चालवला तर निरर्थक शब्द आले, आणि माणसाने मनात मुद्दाम दुसरंच काही चालू ठेवलं तर त्याचाही उलगडा फसला. माझ्या मेंदूत ‘संत्र्याचा वास’ ज्या पेशींच्या जुळणीत आहे ती जुळणी तुमच्या मेंदूत दुसऱ्याच कशाची तरी असणार. माझी टेप तुम्हाला लावली तर माझा अनुभव येणार नाही, नुसती खरखर येईल.

---

बर्डीचा_प्रेक्षक

मायक्रोव्होल्ट ताई, मग लिलियनची टेप लावल्यावर वॉकनचा जीव जायची वेळ येते आणि दुसरा एक तर मरतोच, ते थोतांडच ना?

---

मायक्रोव्होल्ट

अगदीच नाही. हृदयाचा ठोका हृदयातच, सायनस गाठीत तयार होतो. मेंदू फक्त गती कमी-जास्त करतो. तेव्हा दुसऱ्याच्या हृदयविकाराची नोंद वाजवल्याने तुमच्या धमनीत गुठळी होणार नाही. पण कळ येईल, आणि ती कळ खरीच वाटेल, कारण कळ जाणवते ती मेंदूत. तीव्र भीतीने अंगात जे संप्रेरकांचं वादळ उठतं त्याने धमन्या मोकळ्या असूनही हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुग्यासारखा होतो, अशी अवस्था वैद्यकाला माहीत आहे. जपानी नाव ताकोत्सुबो, ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून. दुबळ्या हृदयाचा माणूस त्यात दगावूही शकतो.

सिनेमा इथे काळजीपूर्वक वागलाय. वॉकन पहिल्या धक्क्यानंतर टेप तशीच लावत नाही. शरीराकडे जाणारे संकेत तोडतो आणि उरलेलंच वाजवतो. जो मरतो तो हे न करता त्याच प्रवाहाला जोडून घेतो. म्हणजे चूक टेपची नव्हे, जोडणीची. एवढं तरी पटकथेने विचार करून लिहिलंय, वऱ्हाडीभाऊ.

---

कानामात्रा

सबटायटलचं कोणी घेतलं नाही, मी घेते.

फूट_इंच यांनी खालची काळी पट्टी कापडाने झाकायला सांगितली. बहुतेक प्लेअर सबटायटल तिथेच टाकतात. म्हणजे तुमची मराठी मखमलीवर जाऊन अदृश्य! ओळी चित्राच्या आत उचलून घ्या, खालच्या कडेपासून ५-६ इंच वर. साधी एसआरटी फाइल जागा पाळत नाही, एएसएस प्रकारात उभी जागा पक्की करता येते. ब्लू-रे प्लेअर बाहेरची फाइल घेत नसेल तर लॅपटॉप जोडावा लागेल, ते आधी ठरवा.

रुंदीसाठी लहान चौकट प्रमाण माना, ८.५ फूट. नाहीतर ओळीची टोकं काळ्यात लोंबकळतात आणि पोस्टकार्डाचा भास आणखी वाढतो. ओळीला ३५-३८ अक्षरं, दोनच ओळी. देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतात, दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर चौकोन-चौकोन दिसतील. जोडाक्षरं फुटतात का हे बघायला ‘तंत्रज्ञ’, ‘मृत्यू’, ‘दृष्टिकेंद्र’ असे शब्द असलेली ओळ आधी लावून पाहा.

वेळ सरकत जात असेल तर फाइल २५ चौकटींच्या आवृत्तीसाठी केलेली आणि डिस्क २३.९७६ ची, असं असतं. १०६ मिनिटांच्या शेवटी ४ मिनिटं २० सेकंदांचा फरक पडतो. एकच आकडा पुढे-मागे करून तो जात नाही, सगळ्या वेळांना १.०४२७ ने गुणावं लागतं. उलटा घोळ असेल तर भागा.

टेपच्या रुंद भागात शक्य तिथे ओळच देऊ नका. डोळा खाली गेला की कडा बघायच्या राहतात. आणि नावाचं भाषांतर ‘विचारमंथन’ करू नका, ते कार्यालयातल्या बैठकीचं नाव झालं. ‘ब्रेनस्टॉर्म’च ठेवा.

---

फूट_इंच

कानामात्रा ताईंचं बरोबर, माझ्याकडून सुटलं होतं.

आवाजाचं सांगतो. संवादावर आवाज बेतलात तर रुंद भागात स्पीकर फाटतील. उलटं करा. आधी रुंद भागातली सर्वांत दणदणीत जागा लावा, स्पीकर घरघरणार नाही तिथवर आवाज चढवा, त्याच्या किंचित खाली आणा. मग त्याच खुणेवर लिलियनचा एखादा हळू संवाद शेवटच्या रांगेत बसून ऐका. ऐकू येत नसेल तर पुढचे स्पीकर कानाच्या उंचीवर आणा, आवाज वाढवू नका. प्लेअरमधला नाइट मोड बंद. मागच्या दोन स्पीकरमधून साध्या भागात जवळजवळ काही येणार नाही. बिघडलेत समजून कोणी वायरी उपसायला जाऊ नये, हे ऑपरेटरला बजावा.

डिसेंबर निवडलात ते उत्तम. उन्हाळ्यात डेझर्ट कूलरच्या घरघरीत हा सिनेमा अर्धा मरतो. पंखेही बंद ठेवा. फक्त लगीनसराईचा शनिवार टाळा, शेजारच्या लॉनवरच्या डीजेपुढे हॉर्नरचं संगीत टिकणार नाही. आणि अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडून येणाऱ्यांना बंद रस्त्यांमुळे उशीर होतो, साडेसहाची वेळ छापा आणि पावणेसातला सुरू करा.

प्रोजेक्टर आणि प्लेअर एका १ केव्हीएच्या यूपीएसवर. वीज झटक्याने गेली तर दिव्याचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. डिस्कवरच्या प्रत्येक प्रकरणाचा (चॅप्टरचा) क्रमांक कागदावर लिहून ठेवा, वीज आल्यावर बरेच प्लेअर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

---

वऱ्हाडी_रीळ

बरं भाऊ, येतो पाह्याले. पण देवदूत आले की मी तर्री-पोहे खाले बाहेर जाईन, सांगून ठेवतो.

---

संकलन_टेबल

जा, पण परत या. शेवटी ‘टू नॅटली’ अशी अर्पणपत्रिका येते. ती येऊन श्रेयनामावली सरकेपर्यंत दिवे लावू नका, बर्डीभाऊ. दिव्याच्या बटणापाशी माणूस बसवताना त्याला हे आधी सांगा, नाहीतर पडद्यावर अक्षरं आली की त्याचा हात आपोआप जातो.

---

बर्डीचा_प्रेक्षक

काल चाचणी घेतली. आमच्या डिस्कवर रुंद चित्र ५ फूट उंच भरलं, लहान ८ फूट ५ इंच रुंद. कापड शिवायला टाकलंय. शेवटचा प्रश्न: वरची पट्टी पडद्याला कशी लावू? खिळे नकोत, भिंत आणि पडदा दोन्ही सभागृहाचे आहेत.

---

फूट_इंच

पडद्याच्या वरच्या नळीवरून कापड दुमडून मागे टाका आणि कागदाच्या मोठ्या चिमट्यांनी दर दीड फुटाला पकडा, ९ चिमटे पुरतील. चिमट्यांना काळी टेप गुंडाळा, नाहीतर रुंद दृश्यात नऊ चांदण्या दिसतील. खालची पट्टी पडद्याला लावूच नका. दोन खुर्च्यांच्या पाठींवर बांबू आडवा ठेवून त्यावर कापड सोडा, आणि खुर्च्या पडद्याला चिकटवून ठेवा. अंतर राहिलं तर कापडाच्या वरच्या कडेची सावली चित्रावर पडते.